तो कसा मेला, हे कोणी ठरवायचे?

पोलिसांच्या ताब्यात माणूस दगावला, की तो कसा मेला हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे मुंबईकडे एक जुने उत्तर होते. ते म्हणजे कॉरोनर.

१८७१च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्त्यातल्या या पदाचे नियम ठरले. खून, आत्महत्या, अपघात किंवा आकस्मिक मृत्यू घडला, मग तो गिरगावातल्या चाळीत असो वा परळच्या गिरणीत, की चौकशी कॉरोनरकडे जाई. तो साक्षीदारांची शपथेवर जबानी घेई. ज्यूरीतले नागरिक मृतदेह पाहत आणि मृत्यूचे कारण ठरवत. तुरुंगात कैदी मेला, तर अधीक्षकाने त्याला कळवलेच पाहिजे, असे बंधन होते. शिक्षा देणे त्याच्या हाती नव्हते. पण पोलिसांबाहेरचा एक माणूस प्रश्न विचारत होता.

हे का महत्त्वाचे, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिसले. मुंबईतल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली. जुलै १९५६मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना चिंतामणराव देशमुखांनी लोकसभेत त्यावरही बोट ठेवले.

अर्थात, नुसत्या पदाने भागत नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ जण मेले. कॉरोनर तेव्हा होताच. तरी 'पीयूसीएल' या संघटनेला उच्च न्यायालयात जावे लागले. तिथला निकाल १९९९चा. त्याच वर्षी महाराष्ट्राने कॉरोनरचे पद रद्द केले. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे शासनाच्याच अधिकाऱ्याकडे राहिली.

इंग्लंडने मात्र कॉरोनर ठेवला. मानवी हक्क कायद्याच्या आधारे तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००४मध्ये सांगितले, की सरकारी ताब्यातला माणूस कशाने मेला एवढेच नव्हे, तर कोणत्या परिस्थितीत मेला हेही चौकशीतून कळले पाहिजे.

आपल्याकडे २००५च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे दिली; ती २००६पासून अमलात आली. २०१४मध्ये 'पीयूसीएल'च्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी सक्तीची केली. गुन्ह्याचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, असेही बजावले. माझ्या मते, कॉरोनरबरोबर गेलेली गोष्ट अशी तुकड्या-तुकड्यांनी परत आणावी लागली.

जुलै २०२४पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६मध्ये आहे. शक्य असेल तिथे दंडाधिकाऱ्याने नातेवाइकांना चौकशीची खबर द्यावी आणि त्यांना हजर राहू द्यावे, असे हे कलम सांगते. लालबागच्या खोलीतल्या आईला हे ठाऊक असेल, तर चौकशीच्या वेळी ती दाराबाहेर ताटकळणार नाही. आत बसण्याचा आपला हक्क मागेल.