कुणाचे मैदान, कुणाचे गीत

१९३६च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला गेलेल्या भारतीयांत ही दोन पथके होती. एक ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालचा हॉकी संघ, दुसरे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. मल्लखांब, कबड्डी हे आपले खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखवायला ही वऱ्हाडी मंडळी ऑलिंपिकच्या गावी गेली होती. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये स्थापन केलेल्या या मंडळात दंड-बैठका आणि स्वातंत्र्याची ओढ एकत्रच वाढली. आखाडा आणि चळवळ यांत तेव्हा फारसे अंतर नव्हतेच.

हॉकीचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस लांबला आणि नेमका १५ ऑगस्टला आला. सरावाच्या सामन्यात जर्मनीने ४-१ असे हरवल्यामुळे संघ धास्तावलेला. खेळाडूंच्या खोलीत संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी सोबत आणलेला काँग्रेसचा तिरंगा काढला, सगळ्यांनी त्याला वंदन केले आणि मगच पावले मैदानाकडे वळली. ध्यानचंदांनी आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. भारत ८-१ जिंकला. पण तिरंगा खोलीतच राहिला. बाहेर भारताचे अधिकृत गीत होते ‘गॉड सेव्ह द किंग’. ज्याचे राज्य, त्याचे गीत.

मैदानावर देशाचे गीत गाण्याची रीत तशी जुनी नाही. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफमध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाने ‘हाका’ हे युद्धनृत्य सादर केले, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी उत्तर म्हणून आपले गीत सुरू केले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, १९१८च्या बेसबॉलच्या मोठ्या सामन्यात बँडने जे गीत वाजवले, त्याला राष्ट्रगीताचा दर्जा मिळायला १९३१ साल उजाडले. म्हणजे सरकारी शिक्का नंतर आला, लोक आधी उभे राहिले.

भारतातही क्रम साधारण असाच. १२ ऑगस्ट १९४८ला वेम्बलीवर भारताने ब्रिटनला त्यांच्याच घरी ४-० हरवले आणि तिरंगा चढला. तेव्हा राष्ट्रगीताचा अंतिम निर्णय व्हायचा होता. तेरा दिवसांनी, २५ ऑगस्टला, नेहरूंनी संविधान सभेत ‘जन गण मन’च्या तात्पुरत्या वापरामागची कारणे सांगितली. त्यातले एक अगदी व्यवहारातले होते: १९४७मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारताचे राष्ट्रगीत मागितले गेले, तेव्हा प्रतिनिधींनी याच गीताची ध्वनिमुद्रिका वाद्यवृंदाला दिली आणि ते सर्वांना आवडले. परक्या बँडलाही नीट वाजवता यावे, ही गरज मोठी होती. संविधान सभेत शिक्कामोर्तब झाले ते २४ जानेवारी १९५०ला.

त्यानंतर दोनच वर्षांनी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकच्या प्रथेप्रमाणे झेंडे तिघांचे चढतात, गीत मात्र पहिल्याचेच वाजते. त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचे होते. कराडच्या या मल्लाच्या वाट्याला झेंडा आला, ‘जन गण मन’ नाही. वैयक्तिक सुवर्णासाठी ऑलिंपिकमध्ये ते वाजायला २००८मधल्या अभिनव बिंद्रापर्यंत थांबावे लागले.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मैदान, झेंडा आणि गीत यांचा हा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. छत्तीसगडच्या सीमेला लागलेला हा जंगलपट्टा. २००९च्या १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा, तर २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ सोळा पोलीस नक्षल्यांच्या हल्ल्यात मारले गेले. त्या सोळांत पाच महिला होत्या. जिल्ह्याच्या दुर्गम भागात स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी नक्षलवादी काळे झेंडे लावत. शाळेत झेंडावंदनाला उभे राहणे तिथे पुण्या-मुंबईइतके बिनधोक नव्हते. टीव्हीवरच्या क्रिकेट सामन्याआधी कॅमेऱ्यापुढे ओठ हलवणाऱ्यांची देशभक्ती मोजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

अशा मुलखात पोलिसांनी बंदुकीसोबत खेळही हाती घेतला. गडचिरोली पोलीस दलाच्या स्पर्धांत कबड्डी आणि व्हॉलीबॉलला मान आहे. कारण उघड आहे: मोकळी जागा, चुन्याच्या रेषा, फार तर एक जाळी, एवढ्यावर गावाचा संघ उभा राहतो. पोलीस मदत केंद्राच्या पातळीवर जिंकलेले पुढे उपविभागात आणि तिथून जिल्ह्याला जातात. लोकांनी ठाण्याकडे यावे, भीती कमी व्हावी, हा हिशेब आयोजकांनी कधी लपवलेला नाही. दोन बाजूंच्या मध्ये सापडलेल्या गावातल्या पोरांना मात्र या मैदानात उतरताना खेळाखेरीज बराच विचार करावा लागला असणार.

स्पर्धांना दिलेली नावे तर आणखी बोलकी आहेत. कबड्डी वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने, व्हॉलीबॉल बिरसा मुंडा यांच्या. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुरावांना फाशी दिली ती त्या वेळच्या सरकारने. बिरसा १९००च्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात मरण पावले तेही सरकारचे कैदी म्हणूनच. त्या दोघांच्या नावाचे चषक आज गोंड-माडिया पोरांना पोलीस दलाकडून मिळतात.