दंडाराजपुरीची नामरूपे आणि शब्दसंस्कारकातील वाइल्डकार्ड

राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा व दक्षिण तीरावर दिघी ही बंदरे असून मुखाशी जंजिरा उभा आहे. सतराव्या शतकाच्या साधनांत ह्या परिसराचा निर्देश दंडाराजपुरी, दांडाराजपुरी, नुसते दंडा अथवा राजपुरी अशा निरनिराळ्या रूपांनी येतो. संगणकावर उतरविलेल्या साधनांत ही रूपे एकत्र शोधावयाची व एकरूप करावयाची असा मोह अभ्यासकास होतो. तथापि ‘वर्ड ९७’सारख्या जुन्या शब्दसंस्कारकातील वाइल्डकार्ड ह्या कामी वारंवार फसवितात. त्याची कारणे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पहिले कारण फाँटचे. युनिकोडपूर्व कृतिदेव फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन कळफलकावरील चिन्हांच्या जागी बसविलेले असतात. त्यात अर्ध्या ‘घ’ची जागा प्रश्नचिन्हास व अर्ध्या ‘ख’ची चौकटी कंसास मिळाली आहे. वाइल्डकार्ड चालू असता प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक चिन्ह; म्हणून ‘घोडा’ शोधणाऱ्यास ‘थोडा’ही सापडतो. ‘खाडी’ शोधू जाता उघडा कंस मिटत नाही व शोधसूत्र अवैध असल्याचा संदेश येतो. अशा चिन्हापूर्वी \ ही उलटी तिरकी रेघ दिल्यास दोष नाहीसा होतो.

दुसरे कारण संकेतनाचे. देवनागरीचा समावेश असलेले युनिकोड १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात काना व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे होत. त्यामुळे ‘द?डा’ ह्या सूत्रास ‘दंडा’ मिळतो, ‘दांडा’ मिळत नाही. कारण दुसऱ्यात मध्ये दोन चिन्हे आहेत. ‘असले तर असो’ असे सांगणारे, शून्य आवृत्ती मानणारे चिन्ह ह्या शब्दसंस्कारकात नाही. सबब ‘द?डा’ आणि ‘द??डा’ असे दोन शोध घ्यावे लागतात. त्याऐवजी ‘द*डा’ लिहिल्यास शोध पहिल्या ‘द’पासून पुढच्या ‘डा’पर्यंत, परिच्छेदही ओलांडून, धावतो.

खरा धोका मात्र बदलाच्या आज्ञेत आहे. ‘दंडा’चा सरसकट ‘दांडा’ केल्यास ‘दंडाधिकारी’ हा ‘दांडाधिकारी’ होतो, ही चूक निदान डोळ्यांस दिसते. ‘राज*र’ ह्या सूत्रात राजपुरीबरोबर राजापूरही येते, ही चूक दिसत नाही. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या राजापुरातील इंग्रज वखारीवर कारवाई केली ते रत्नागिरी जिल्ह्यातील. १६७१ मध्ये सिद्दीने परत घेतली ती दंडाराजपुरी. एका आज्ञेने दोन स्थळांच्या घटना एकत्र होतात आणि मूळ पाठ हाताशी नसेल तर त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

आगरदांड्यासंबंधी हीच सावधगिरी हवी. त्याच्या नावातील ‘दांडा’ आणि साधनांतील ‘दंडा’ ह्यांचे साम्य उघड आहे. परंतु नामसाम्य हा स्थलनिश्चितीचा स्वतंत्र पुरावा नव्हे. सर्वत्र ‘दांडा’ करून टाकल्यास जे सिद्ध करावयाचे तेच पाठात आधी घातले जाते. म्हणून मूळ पाठाची प्रत अस्पर्श ठेवावी, प्रत्येक बदल एकेक पाहून मान्य करावा आणि नामरूपांचे ऐक्य सूचीत दाखवावे, पाठात नव्हे. लेखकाने ‘दंडा’ लिहिले की ‘दांडा’, हेही एक साधनच आहे.