लॅमिंग्टन रोड आणि आभासी आकाश : मुंबईतील जोडणीच्या संगणकाचा एक अभ्यास

प्रस्तावना :
भारतातील संगणकाच्या इतिहासात संशोधन संस्था, शासकीय धोरणे व मोठे उद्योग यांना प्रथम स्थान मिळणे स्वाभाविक आहे. मुंबईपुरता विचार केल्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. तथापि गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींच्या खोल्यांत संगणक कोणत्या मार्गाने पोहोचला आणि मर्यादित पैशांत त्याची निवड कशी करावी लागली, हाही इतिहासाचाच विषय आहे. प्रस्तुत लेखात 'फ्लाइट सिम्युलेटर' या एकाच आज्ञावलीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पत्रलेखन वा हिशेब कोणत्याही साध्या यंत्रावर होऊ शकतो. आभासी उड्डाण मात्र यंत्राच्या प्रत्येक भागाची परीक्षा घेते.

सुसंगततेची कसोटी :
जमिनीवर राहून उड्डाणाचा सराव करण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये असे यांत्रिक उपकरण तयार केले. त्याच वर्षी जे. आर. डी. टाटा यांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. प्रत्यक्ष विमानोड्डाण मात्र पुढेही मूठभरांच्याच आवाक्यात राहिले. 'आयबीएम पीसी' १९८१ मध्ये बाजारात आला आणि ब्रूस आर्टविक यांच्या रचनेवर आधारित 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ही आज्ञावली यंत्राच्या अंतर्भागाशी थेट व्यवहार करीत असे. त्यामुळे अन्य उत्पादकांचे संगणक 'आयबीएम'शी खरोखर सुसंगत आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्यासाठी 'लोटस १-२-३' बरोबर हीच आज्ञावली चालवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकत्र जोडता येणे, ही जोडणीच्या संगणकाची पूर्वअट या सुसंगततेतूनच निर्माण झाली.

धोरण आणि बाजारपेठ :
१९८२ च्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही; परंतु नियमित पगार बंद झालेल्या घरांत पुढील दशकात संगणकासारखी एकरकमी खरेदी किती कठीण होती, याची कल्पना यावरून येते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांच्या आयातीवरील निर्बंध सैल केले, १९९१ नंतर उदारीकरणाला गती मिळाली आणि १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाल्यावर सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड, रेडिओ व इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी पूर्वीपासून परिचित होता. तेथेच संगणकाच्या भागांची बाजारपेठ विस्तारली. गिरगावातून पायी आणि दादरहून लोकलने ग्रँट रोडला उतरून तेथे पोहोचता येत असे. दोन-चार दुकानांतून कोटेशन घ्यावे, ते ताडून पाहावे आणि मगच भाग निवडावेत, ही रीत तेथे रुजली.

काटकसरीचे गणित :
येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. सर्वांत स्वस्त यंत्र आणि काटकसरीचे यंत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९९ मधील 'इंटेल ८१०' किंवा २००२ मधील '८४५ जीएल' या चिपसेटच्या मदरबोर्डांवर ग्राफिक्सची सोय अंगभूत होती. परंतु वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी लागणारा 'एजीपी' स्लॉट नव्हता. खरेदीच्या दिवशी पैसे वाचत, पण पुढील वाढीचा मुख्य मार्ग बंद होई. याउलट, थोडा अधिक खर्च करून स्लॉट असलेला मदरबोर्ड घेतल्यास कार्ड व अधिक रॅम पुढे सवडीने घेता येत असे. प्रोसेसरबाबतही हेच दिसते. १९९८ मधील पहिला 'सेलेरॉन' दुसऱ्या स्तराच्या (एल-२) कॅश स्मृतीविना आला व मंद ठरला; त्याच वर्षीच्या '३०० ए' मध्ये १२८ केबी कॅश असल्याने तो अल्प किमतीत उत्तम ठरला. म्हणजे केवळ नाव वा मेगाहर्ट्झचा आकडा पाहणे पुरेसे नव्हते.

आज्ञावलीच्या वाढत्या मागण्याही या निर्णयाचे महत्त्व स्पष्ट करतात. २००३ मध्ये आलेल्या आवृत्तीला विंडोज एक्सपीवर किमान १२८ एमबी रॅम पुरत असे. २००६ च्या 'एक्स' आवृत्तीला २५६ एमबी, २०२० च्या आवृत्तीला ८ जीबी आणि २०२४ च्या आवृत्तीला १६ जीबी लागते. 'एक्स' आवृत्तीचा मुख्य भार प्रोसेसरवर पडत असल्याने केवळ महागडे ग्राफिक्स कार्ड बसवून अपेक्षित सुधारणा होत नसे. पैसा कोठे घालावा याचे उत्तर आज्ञावलीनुसार बदलते, हे येथे दिसून येते.

बदललेली परिस्थिती :
२०२० नंतरच्या आवृत्त्यांत भूप्रदेशाची सविस्तर चित्रे इंटरनेटवरून येतात. त्यामुळे खर्चाचा एक भाग यंत्राकडून जोडणीच्या मासिक शुल्काकडे सरकला आहे. १९९७ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'फ्लाइटगिअर'चा पर्याय या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. मात्र घरच्या संगणकावरील असे तास व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी आवश्यक असलेल्या २०० तासांत मोजले जात नाहीत, हेही विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या सरावाचे मोल उपकरणांचे वाचन, दिशाज्ञान व उड्डाणक्रम यांच्या परिचयापुरते मानणे उचित ठरेल.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जोडणीच्या संगणकाने अल्प उत्पन्नाच्या ग्राहकास केवळ कमी किंमत दिली नाही; खर्चाची विभागणी करण्याचे व यंत्र क्रमाक्रमाने वाढविण्याचे स्वातंत्र्य दिले. ज्या आज्ञावलीने यंत्रांची सुसंगतता पारखली, तिनेच पुढे ग्राहकाची निवडही पारखली. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी संगणक घेताना केवळ किमान दराचा निकष लावला जात असेल, तर चाळीतील ग्राहकाने कोटेशन ताडताना विचारलेला प्रश्न तेथेही विचारणे आवश्यक आहे : या यंत्रात उद्या काय बसविता येईल?