नगरहून आलेलं उत्तर

डार्विनच्या ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स’ या १८७२ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आपलं नगर आहे. जुन्या इंग्रजी वळणाचं स्पेलिंग असं काही छापलं आहे की पहिल्या वाचनात नजर त्यावरून घसरून जाते. मजकूर दोनच वाक्यांचा. एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहत होते. तिथल्या लोकांच्या चेहऱ्यावर भाव कसे उमटतात हे त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, पण खात्रीचा निष्कर्ष काढणं त्यांना फार जड गेलं. कारण, डार्विन नोंदवतो, युरोपियन माणसासमोर आपल्या भावना झाकून ठेवायची या लोकांना सवयच होती. अर्स्किननी मग कॅनराचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळवली आणि काही मुद्द्यांवर जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचाही सल्ला घेतला. त्या गृहस्थांपैकी एकाचंही नाव डार्विनने दिलेलं नाही.

मला या दोन वाक्यांनी बरेच दिवस धरून ठेवलं आहे. इंग्लंडात केंट परगण्यातल्या डाउन गावी बसलेल्या माणसाला नगरकरांच्या चेहऱ्यांशी काय काम होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८३८च्या मार्चमध्ये डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथे जेनी नावाची ओरांगउटान मादी नुकतीच आली होती. १ एप्रिलला बहीण सुझनला लिहिलेल्या पत्रात त्याने तिचं वर्णन केलं आहे. रखवालदाराने सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही, तशी जेनी उताणी पडली, पाय झाडू लागली, हट्टी पोरासारखी रडू लागली. रडणं थांबवून शहाण्यासारखी वागलीस तर देईन, असं त्याने सांगितल्यावर ती मोठ्या कष्टाने गप्प झाली, आणि सफरचंद मिळताच आरामखुर्चीत चढून खात बसली. त्याच उन्हाळ्यात डार्विनने मन आणि वर्तन यांविषयीच्या नोंदींसाठी एक वेगळी वही सुरू केली. अभ्यासक तिला ‘एम’ वही म्हणतात. पुढच्या वर्षी २७ डिसेंबरला त्याचा पहिला मुलगा विल्यम जन्मला आणि बापाने पहिल्या दिवसांपासून पोराचं शिंकणं, दचकणं, चिडणं टिपायला घेतलं. या टिपणांवरचा लेख ‘माइंड’ या नियतकालिकात आला तो थेट १८७७ साली.

डार्विनला ज्या मताशी झुंजायचं होतं ते चार्ल्स बेल या नामांकित शल्यवैद्याचं होतं. माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू केवळ भाव व्यक्त करण्यासाठीच दिलेले आहेत, असं बेल मानत असे. ते खरं असेल तर माणूस आणि जेनी यांच्यामध्ये भिंत उभी राहते. डार्विनला तिथे नातं दिसत होतं. ते दाखवायला त्याने तान्ही मुलं पाहिली, कुत्री, मांजरं, माकडं पाहिली. वेकफील्डच्या मनोरुग्णालयातल्या क्राइटन-ब्राउन या डॉक्टरांकडून रुग्णांची वर्णनं आणि छायाचित्रं मागवली. द्युशेन या फ्रेंच डॉक्टराने विजेच्या झटक्यांनी चेहऱ्याचे स्नायू आखडवून घेतलेली छायाचित्रं तो घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे ठेवून विचारी, हा कुठला भाव?

तरीही एक प्रश्न उरत होता. हे भाव उपजत आहेत, की प्रत्येक समाजात एकमेकांकडे बघून शिकलेले? म्हणून १८६७च्या सुरुवातीला त्याने प्रश्नांची एक यादी जगभर धाडली. पुस्तकात ती १६ प्रश्नांची आहे. आश्चर्य वाटल्यावर डोळे आणि तोंड विस्फारतं का, भुवया वर जातात का? लाजेने चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर किती खाली उतरते? किळस आली की खालचा ओठ वळतो का? एखादी गोष्ट आपल्या हातची नाही हे दाखवायला माणूस खांदे उडवतो का? होकाराला मान उभी आणि नकाराला आडवी हलते का? सोबत कळकळीची विनंती होती की स्मरणशक्तीवर विसंबू नका, ती फसवते. डोळ्यांदेखत पाहिलेलं आणि कुठल्या प्रसंगी पाहिलं तेच लिहा. उत्तरं आली ३६. मिशनरी, अधिकारी, वसाहतवाले असे ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंतचे लोक त्यासाठी कामाला लागले होते.

या यादीत एक मोठा दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेलं आहे. डोळे विस्फारतात का, असं विचारलं की विस्फारलेले डोळेच दिसू लागतात. तरी तिचं मोल मी कमी मानत नाही. गोरे आणि काळे या मुळात वेगळ्या जाती आहेत, असं त्या दशकात लंडनच्या विद्वानांच्या सभांमधून उघड मांडलं जात होतं. डार्विनने या उत्तरांवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा होता. जगभरचे लोक इतक्या बारकाव्यांसह सारखेच हसतात, रडतात, घाबरतात, त्या अर्थी ते एकाच मूळ वंशातून आलेले असले पाहिजेत, असं त्याने शेवटच्या प्रकरणात लिहिलं.

आता पुन्हा नगरकडे. होकार-नकाराच्या प्रश्नावर हिंदुस्थानची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. काही जण आमच्यासारखीच मान हलवतात, असं एक उत्तर. पण नकार देताना मान झटक्यात मागे आणि जराशी बाजूला टाकून जिभेने ‘च्यक्’ करतात, असंही. या ‘च्यक्’चा अर्थ काय असावा याची मला कल्पनाही करता येत नाही, अशी कबुली डार्विन देतो. आपल्याकडे ते पोरासोरांनाही कळतं. एका एतद्देशीय गृहस्थाने सांगितलं की होकार देताना मान पुष्कळदा डावीकडे टाकतात. खांद्यांबद्दल अर्स्किन लिहितात की इथले लोक खांदे उडवतात खरे, पण साहेबलोकांइतकी कोपरं आत वळवत नाहीत. कधी कधी दोन्ही हात, एकमेकांवर न ठेवता, छातीशी नेतात. ते बारीक पाहत होते हे या एका तपशिलावरून कळतं. आणि अशा माणसानेच कळवलं की माझ्यासमोर हे लोक चेहरा बंद करून घेतात. मला ३६ उत्तरांतलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं. पाहणाऱ्याच्या नुसत्या हजेरीने पाहण्याची गोष्ट बदलते, हे त्यात आलं आहे, आणि ते यादीतल्या कुठल्याही प्रश्नाने विचारलेलं नव्हतं.

हिंदुस्थानातली सर्वांत भरघोस उत्तरं कलकत्त्याहून आली. जॉन स्कॉट हा एडिंबराच्या वनस्पतिउद्यानातला माळी. फुलांच्या परागीभवनावरच्या पत्रव्यवहारातून डार्विनला त्याची पारख झाली होती, आणि १८६४ साली तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्या प्रवासाचा खर्च डार्विननेच उचलला होता. तो कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा क्युरेटर झाला. इतके सविस्तर आणि मोलाचे तपशील दुसऱ्या कुणीच पाठवले नाहीत, असं डार्विन म्हणतो.

त्यातला एक प्रसंग खांदे उडवण्याचा आहे. स्कॉटने एका बंगाली मजुराला उंच झाडावर चढायला सांगितलं. खांदे उडवून, मान आडवी हलवून तो म्हणाला, जमणार नाही. माणूस आळशी आहे हे ठाऊक असल्याने स्कॉटने आग्रह धरला. तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला, हात लुळे पडले, डोळे आणि तोंड उघडं राहिलं. झाडाकडे पुन्हा एकदा पाहून त्याने साहेबाकडे तिरका कटाक्ष टाकला, पुन्हा खांदे उडवले, पंजे पसरले आणि मान भराभर हलवली. डार्विनने हे असहायतेचं उदाहरण म्हणून घेतलं. लढायला निघालेला माणूस छाती काढतो, मुठी वळतो. हतबल माणसाच्या हालचाली बरोबर त्याच्या उलट होतात, हे त्याचं विरोधाचं तत्त्व. ते पटण्यासारखं आहे. पण नगरचं उत्तर मनात ठेवून हा उतारा वाचला की त्या तिरक्या कटाक्षापाशी थांबावं लागतं. पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यात झाडाची भीती किती आणि साहेबाची किती, हे स्कॉटच्या वर्णनातून वेगळं काढता येत नाही. ‘आळशी’ हा शब्द तर निरीक्षण नव्हेच, तो मालकाचा निवाडा आहे.

दुसरा प्रसंग दुःखाच्या प्रकरणात, सातव्यात, येतो. एका माळ्याची अगदी तरुण बायको मरणाच्या दारातल्या तान्ह्याला पाजत बसली होती. स्कॉट झाडांच्या आडून तिला बराच वेळ पाहत होता. भुवयांची आतली टोकं वर चढलेली, पापण्या मिटत आलेल्या, कपाळाच्या मधोमध सुरकुत्या, तोंड किंचित उघडं, ओठांचे कोपरे पार खाली. मग तो आडोशातून बाहेर आला आणि तिच्याशी बोलला. ती दचकली, ढसाढसा रडू लागली आणि माझं बाळ बरं करा म्हणून विनवू लागली.

या बाईची ओळख पुस्तकात आहे ती मराठी वाचकाला चकवणारी आहे. ती नागपूरची धनगर, असंच ते इंग्रजी शब्द आपण वाचतो आणि डोळ्यांपुढे मेंढ्या, घोंगडी, वऱ्हाड-नागपूरचा मुलूख उभा राहतो. मीही आधी तसंच वाचलं होतं. पण कलकत्त्यात छोटा नागपूरच्या पठारावरून कामाला येणाऱ्या उरांव मजुरांना ‘धांगड’ म्हणत, आणि इंग्रजी लिपीत धांगड आणि धनगर सारखेच दिसतात. त्याच पुस्तकात दुसरीकडे डार्विन या बागेतल्या ‘धांगड’ मजुरांचा उल्लेख बंगाल्यांहून वेगळा वंश असा करतो. तेव्हा ही बाई झारखंडच्या पठारावरची उरांव असावी. तिला महाराष्ट्राच्या खाती टाकण्याचा मोह सोडलेला बरा.

डार्विनला त्या भुवया का हव्या होत्या? त्याचं म्हणणं असं: तान्हं मूल जोरात किंचाळतं तेव्हा डोळ्यांभोवतीचे स्नायू घट्ट आवळतात, म्हणजे डोळ्यांत रक्त तुंबत नाही. युट्रेख्टच्या डोंडर्स या नेत्रतज्ज्ञाकडून त्याने हे तपासून घेतलं होतं. मोठेपणी आपण ते रडणं दाबायला शिकतो, कपाळाचा मधला स्नायू त्या आवळण्याच्या विरुद्ध ओढतो, आणि भुवयांची आतली टोकं तेवढी वर जातात. हे ठरवून फार थोड्यांना जमतं. म्हणून शोकाची ती खूण बेमालूम आणता येत नाही आणि सहजी लपवताही येत नाही. अर्स्किनची अडचण सुटते ती या जागी.

याच प्रकरणात डार्विनने स्वतःचं एक निरीक्षण दिलं आहे. रेल्वेच्या डब्यात समोर एक वयस्कर बाई शांत बसली होती. तिच्या ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेले. चेहरा बाकी निवांतच. हे काही दुःख नव्हे, असं तो मनाशी म्हणतोय तोवर तिचे डोळे भरून आले. बहुधा कधीकाळी गमावलेलं मूल आठवलं असावं, असं त्याला वाटलं. आपल्याकडे कुणी पाहतंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि स्कॉटचा दुसरा माणूस. आजार आणि गरिबीपायी आपली लाडकी शेळी विकायची वेळ आलेला एक हिंदुस्तानी. पैसे हातात पडल्यावर तो एकदा पैशांकडे, एकदा शेळीकडे पाहत राहिला, परत द्यावेत की काय अशा विचारात. न्यायला बांधून ठेवलेल्या शेळीजवळ गेला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहून त्याचे हात चाटू लागली. त्याची नजर इकडून तिकडे भिरभिरली, ओठांचे कोपरे खाली गेले. द्यावीच लागणार हे मनाने घेतलं तेव्हा भुवया तिरक्या झाल्या, आतल्या टोकांशी कातडी गोळा झाली. कपाळावर मात्र सुरकुत्या नव्हत्या, हेही स्कॉटने टिपलं आहे. मिनिटभर तो तसाच उभा होता. मग खोल उसासा टाकून रडू लागला, दोन्ही हात उचलून त्याने शेळीला आशीर्वाद दिला, वळला आणि मागे न पाहता निघून गेला.