माईक घेण्याआधी जात्याकडे बघा

मुलाखतींसाठी स्वस्तातला यूएसबी माईक शोधताय? आधी एक जुनं काम बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ध्वनिमुद्रण मात्र सव्वाशे तासांच्या आतलंच. तेही १९९०च्या दशकात, बर्नार्ड बेल सोबत आल्यावरचं. बाकी बहुतेक ओव्या कागदावर राहिल्या. शब्द आहेत, चाल नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात बोलतं करायचं असेल, तर कंडेन्सर माईक लिलावाचा गलकाही उचलेल. तिथे डायनॅमिक बरा. तोंडापासून चार बोटांवर धरा. घरात ओवी टिपायची तर उलट, जात्याची घरघरही हवीच की! ओटीजीने फोनला जोडता येतो का, दुकानातच बघा. फाईल डब्ल्यूएव्हीत ठेवा. आणि माईक बघून आजी गप्प झाली, तर तो आधी तिच्या हातात द्या.