अमेरिकेतील ऑनर्स इंग्रजीचा वर्ग : अपेक्षा आणि नियम

अमेरिकेतील शाळांचे नवे वर्ष साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाचे शिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती काही पानांचे एक पत्रक ठेवतात. त्याला तेथे ‘सिलॅबस’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने केवळ धड्यांची यादी सूचित होते. तेथे मात्र वर्षभराचे वाचन, गुणदानाची पद्धत, मुदतीचे नियम आणि अप्रामाणिकपणाबद्दलची शिक्षा हे सारे त्यात नमूद असते. अखेरच्या पानावर बहुधा विद्यार्थी आणि पालक या दोघांचीही सही घेतली जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हे पत्रक दरवर्षी येते. महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावयास हवे. कारण ज्या सवयींमुळे त्यांना शालान्त परीक्षेत चांगले गुण मिळाले, त्यांपैकी काही या वर्गात थेट नियमभंग ठरतात.

ऑनर्स म्हणजे काय?

अमेरिकेत हायस्कूल सामान्यतः नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि बहुतेक ठिकाणी चारही वर्षे इंग्रजी हा विषय घ्यावा लागतो. त्यात सर्वसाधारण वर्ग, ऑनर्स आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजेच एपी अशा पायऱ्या आढळतात. एपी अभ्यासक्रम ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५ पासून चालवीत आहे. त्याची परीक्षा मे महिन्यात होते आणि १ ते ५ अशी श्रेणी मिळते. ऑनर्सला मात्र अशी कोणतीही राष्ट्रीय संस्था अथवा परीक्षा नाही. त्याचे स्वरूप ती शाळा किंवा तेथील शिक्षणमंडळ ठरवते. त्यामुळे एका गावातील ऑनर्स आणि शेजारच्या गावातील ऑनर्स यांत मोठा फरक असू शकतो. म्हणूनच सिलॅबस हाच विश्वसनीय आधार होय.

प्रवेशासाठी कोठे आधीच्या शिक्षकांची शिफारस लागते, कोठे मागील वर्षाची श्रेणी पाहिली जाते, कोठे लेखनाचा नमुना मागितला जातो, तर कोठे इच्छुक असेल त्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो.

वाचनाच्या अपेक्षा

अनेक शाळांत उन्हाळ्याच्या सुटीतच एक-दोन पुस्तके वाचून यावे लागते आणि पहिल्या आठवड्यात त्यांवर वर्गात निबंध लिहावा लागतो. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०), स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५), आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ (१९५३) हे नाटक, चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) आणि शेक्सपिअरचे एखादे नाटक, अशा कृती या वर्गांत वर्षानुवर्षे वाचल्या जात आहेत.

पुस्तक घरी वाचायचे आणि वर्गात त्यावर चर्चा करायची, अशी रीत असते. वाचताना टिपणे करणे अपेक्षित असते. पुस्तके बहुधा शाळेच्या मालकीची असल्याने विद्यार्थी चिकटचिठ्ठ्यांवर प्रश्न आणि निरीक्षणे नोंदवितात. कित्येकदा या टिपणांनाही गुण असतात. ‘सॉक्रेटिक सेमिनार’ या पद्धतीत विद्यार्थी वर्तुळात बसून आपापसांत चर्चा करतात आणि शिक्षक शक्यतो मौन पाळतात. आपले म्हणणे पुस्तकातील विशिष्ट पानाच्या आधाराने मांडावे लागते. आपल्याकडील वर्गात शांतपणे ऐकणारा विद्यार्थी गुणी मानला जातो. येथे केवळ ऐकण्याला गुण नसतात.

लेखनाच्या अपेक्षा

कथानकाचा सारांश म्हणजे निबंध नव्हे, हा या वर्गाचा पहिला धडा. मॅकबेथ राजाचा खून करतो आणि शेवटी मारला जातो, हा सारांश झाला. खुनाचे बेत आखताना खंबीर असणारी लेडी मॅकबेथ पुढे झोपेत हात धूत राहते आणि आधी कचरणारा मॅकबेथ मात्र अधिकाधिक निर्ढावत जातो, म्हणजे अपराधाचे ओझे दोघांमध्ये उलट दिशेने सरकते, हे प्रतिपादन झाले. असे वादयोग्य विधान, त्यासाठी मूळ संहितेतील पुरावा आणि त्या पुराव्याचे विश्लेषण या तीन गोष्टी तपासल्या जातात. अवतरणे आणि संदर्भ देण्याची पद्धत बहुधा ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ची, म्हणजे एमएलएची असते. कोणत्या घटकाला किती गुण, याचे कोष्टक आधीच हाती दिलेले असते. त्याला ‘रुब्रिक’ म्हणतात.

मुदत आणि गुणदान

उशिरा दिलेल्या कामाचे रोज ठरावीक टक्के गुण कापणे, ही सर्वत्र आढळणारी तरतूद. काही शिक्षक मुदतीनंतर काम स्वीकारतच नाहीत. काही जण वर्षातून एक-दोन वेळा मुदतवाढ देतात. आजारपणामुळे गैरहजर राहिल्यास बहुधा तितकेच दिवस अधिक मिळतात. सुधारित निबंध पुन्हा देण्याची सोय असल्यास तिच्या अटी स्वतंत्रपणे दिलेल्या असतात.

अनेक शाळा ऑनर्स वर्गातील श्रेणीला अधिक भार देतात. एरवी ए श्रेणीचे ४ गुणांक धरले जातात; ऑनर्समध्ये ते ४.५ किंवा ५ होतात. तथापि, महाविद्यालये हा भार मान्य करतीलच असे नाही. कित्येक विद्यापीठे स्वतःच्या पद्धतीने पुन्हा आकडेमोड करतात. केवळ वाढीव अर्ध्या गुणाच्या मोहाने हा वर्ग निवडणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

‘स्वतःचे’ काम

सिलॅबसमधील सर्वांत कठोर परिच्छेद असतो वाङ्मयचौर्याविषयी. आपल्याकडे गाइडमधील आदर्श उत्तर पाठ करून जसेच्या तसे लिहिणे ही मेहनत समजली जाते. ऑनर्सच्या वर्गात तेच चौर्य ठरते. दुसऱ्याची वाक्ये थोडीफार बदलून लिहिणे, इंटरनेटवरील सारांशातून मुद्दा उचलून स्रोत न सांगणे, एकच निबंध दोन वर्गांत देणे आणि आपला निबंध मित्राला उतरविण्यास देणे, हे सारे सामान्यतः त्यात मोडते. शिक्षा शून्य गुणांपासून सुरू होते. पालकांना कळविले जाते आणि शाळेच्या दप्तरी नोंद राहू शकते. मुलाने यात लबाडी केली असे त्याच्या घरी कोणालाही वाटलेले नसते, आणि नेमका हाच धोका आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या नियमांत भर पडली. अनेक शिक्षक आता निबंध वर्गातच, हाताने लिहून घेतात किंवा संगणकावरील मसुद्यांचा इतिहास मागतात. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने मात्र बेभरवशाची आहेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे लेखन ही साधने चुकून यंत्रलिखित ठरवितात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. भारतातून नुकत्याच गेलेल्या मुलाने म्हणूनच प्रत्येक कच्चा मसुदा जपून ठेवावा. आळ आल्यास तोच त्याचा पुरावा होय.

या वर्गांविषयीचा वाद

मुलांची अशी वर्गवारी करावी की नाही, हा अमेरिकेतील जुना वाद आहे. जीनी ओक्स यांच्या ‘कीपिंग ट्रॅक’ (१९८५) या ग्रंथाने तो ठळकपणे मांडला. वरच्या वर्गात गरीब आणि कृष्णवर्णीय मुले कमी दिसतात, हा आक्षेप मान्य करून काही शाळांनी नववी-दहावीचे ऑनर्स इंग्रजी बंद केले. हुशार मुलांची कुचंबणा होते, असे त्यावर विरोधक म्हणतात.

पालकांनी काय करावे?

वाक्ये दुरुस्त करून देणे ही मदत नियमांच्या सीमारेषेवरची आहे. ‘असे तुला का वाटते?’ हा प्रश्न विचारणे मात्र सर्वस्वी मान्य आहे आणि तो मराठीतूनही विचारता येतो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’च्या रूपाने हॅम्लेट मराठीत आणला, घरात त्यावर मराठीत चर्चा झाली तर वर्गातील इंग्रजी निबंधाला बळच मिळेल. वर्ग बदलण्याची मुभा बहुधा पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते. म्हणून सही करण्यापूर्वी मुलासह संपूर्ण पत्रक वाचावे, मदतीची मर्यादा कोठवर आहे हे शिक्षकांना विचारावे आणि वर्ग झेपत नसेल तर ती मुदत टळण्यापूर्वी समुपदेशकांची भेट घ्यावी.