डब्लिन ते वडसा: रेड डॉट साइटचा इतिहास आणि संशोधनातला एक धडा

संशोधन पद्धतीच्या पेपरात 'उपकरणाची निवड' हा मुद्दा असतोच. आपण त्याची व्याख्या पाठ करतो, चार निकष लिहितो आणि पुढे जातो. आज तोच मुद्दा एका खऱ्या उपकरणाच्या इतिहासातून बघू. हे उपकरण म्हणजे रेड डॉट साइट, बंदुकीवर बसवायची एक छोटी काच. तिच्यातून बघितलं की लक्ष्यावर लाल ठिपका दिसतो. आणि आपली बंदूक आहे वाघाला गुंगीचं औषध देणारी हलकी डार्ट गन.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा विषय पुस्तकी नाही. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा भागातल्या जंगलात सीटी-१ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघाला बेशुद्ध करून पकडण्यात आलं. त्याआधी गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या ३ जिल्ह्यांत त्याच्या हल्ल्यांत १३ माणसं गेली होती. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण, गुरं यांसाठी इथल्या माणसाला जंगलात जावंच लागतं. अशा वेळी डार्ट चुकला तर वाघ निघून जातो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डार्ट लागला, पण पोटात लागला, तर वाघाच्याच जिवावर बेततं. मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू, एवढीच काय ती जागा. मग प्रश्न येतो: चांगली साइट घेतली की नेम सुधारेल का?

मुळात अडचण काय होती?

साध्या बंदुकीवर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक उंचवटा. नेम धरताना खाच, उंचवटा आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे. पण या ३ गोष्टी डोळ्यापासून ३ वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघू शकतो. एक स्पष्ट दिसलं की बाकीचं धूसर.

यावर १९०० साली पेटंट घेतलं ते डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी. हे गृहस्थ दुर्बिणी बनवणारे. आपल्याकडेही त्यांचं काम पोचलं होतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत प्रा. कावसजी नायगमवाला जी २० इंची परावर्ती दुर्बीण वापरत, ती ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

ग्रब यांची कल्पना बारावीच्या प्रकाशशास्त्रात बसते. भिंगाच्या नाभीवर एक प्रकाशित खूण ठेवा. तिचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतील. ते एका तिरक्या पारदर्शक काचेवरून डोळ्यात परावर्तित करा. आता ती खूण अनंत अंतरावर, म्हणजे लक्ष्याच्याच बाजूला असल्यासारखी दिसते. डोळ्याला दोनच गोष्टी बघायच्या आणि दोन्ही लांबच्या. डोकं थोडं इकडे-तिकडे हललं तरी फारसा फरक पडत नाही.

कल्पना होती, प्रकाश नव्हता

खूण प्रकाशित कशाने करायची, हा प्रश्न मात्र उरला. त्यासाठी दिवा आणि वीज लागे. म्हणून ही साइट आधी खांद्यावरच्या बंदुकीवर रुळली नाही, विमानावर रुळली. १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर तिच्या चाचण्या झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ती लढाऊ विमानांत सर्रास आली. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल दृश्य प्रकाश देणारा एलईडी दाखवला. अगदी कमी विजेवर चालणारा लाल ठिपका त्यामुळे शक्य झाला. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडीवरची साइट बाजारात आणली. पुढे ती लहान होत होत काडेपेटीएवढी झाली.

इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. या सगळ्या ७५ वर्षांत सोडवलेला प्रश्न एकच होता: डोळा आणि नळी एका रेषेत आणताना होणारी चूक. रायफलसाठी हे बरोबरच होतं. सेकंदाला ९०० मीटर वेगाची गोळी २५ मीटर अंतर ०.०३ सेकंदात कापते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती जेमतेम ४ मिलिमीटर खाली येते. म्हणजे तिथे डोळ्याची चूक हीच मोठी चूक.

डार्ट गनचं गणित वेगळं

डार्ट गनचा इतिहास १९५० च्या दशकातला. न्यूझीलंडचे औषधविक्रेते आणि पशुवैद्य कॉलिन मर्डॉक यांचं नाव त्यात ठळक आहे. भारतात १९९० मध्ये उल्हास कारंत यांनी नागरहोळेत वाघांना बेशुद्ध करून रेडिओ कॉलर लावले. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. ती मुद्दाम हळू सोडतात, नाहीतर सुई आत घुसून इजा करेल.

समजा डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून द्या. साइट २० मीटरला जुळवली आहे. वाघ २० मीटरवर आहे असं तुम्हाला वाटलं, पण होता २५ मीटरवर. डार्ट किती खाली लागेल? १/२ gt² वापरून स्वतः काढून बघा. उत्तर येतं सुमारे १७ सेंटीमीटर. अंतर ३० मीटर असेल तर ४१ सेंटीमीटर. आता साइटची चूक बघा. ठिपक्याचा आकार कोनाच्या २ मिनिटांचा असेल (६० मिनिटं म्हणजे १ अंश), तर २५ मीटरवर तो दीड सेंटीमीटर जागा झाकतो. ६ मिनिटांचा असेल तर साडेचार. शिवाय डार्टला २५ मीटर जायला ०.४ सेकंद लागतात. सेकंदाला १ मीटर चालीने चालणारा वाघ तेवढ्यात ४० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो.

म्हणजे दुकानात आपण २ मिनिटांचा ठिपका घ्यावा की ६ चा यावर डोकं खपवतो, आणि खरी चूक अंतरात आणि वाघाच्या हालचालीत बसलेली असते.

मग निवड कशी करायची?

साइट निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, संध्याकाळच्या अंधुक उजेडात ठिपका दिसतो आणि हलक्या बंदुकीवर वजन वाढत नाही. पण निकष कामातून आले पाहिजेत.

पहिला निकष, फिरत. वरच्या उदाहरणात २० मीटरला जुळवायला नळी साइटपेक्षा सुमारे ९० मिनिटं वर रोखावी लागते. रायफलसाठीच्या बऱ्याच छोट्या साइट एका बाजूला ५० मिनिटं किंवा त्याहून कमी फिरतात. अशा वेळी खाली तिरपा पाया बसवावा लागतो. जाहिरातीत हा आकडा शेवटच्या ओळीत असतो, डार्ट गनसाठी तो पहिला वाचायचा. दुसरा निकष, उजेड. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात, वाळक्या गवतात, वाघाच्या नारिंगी अंगावर लाल ठिपका दिसला पाहिजे. तिसरी गोष्ट साइटच्या बाहेरची आहे. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत तापमानाबरोबर वायूचा दाब बदलतो, दाबाबरोबर वेग आणि वेगाबरोबर नेम. म्हणून दाबमापक बघणं, लेझरने अंतर मोजणं आणि तेवढ्याच वजनाच्या सरावाच्या डार्टने मोजलेल्या अंतरांवर सराव करणं, हे साइटच्या किमतीआधी येतं.

आता हाच धडा तुमच्या प्रस्तावाला लावा. उपकरणाचं नाव लिहिण्याआधी कागदावर चुकांची यादी करा: मोजमापाची, नमुन्याची, हवामानाची, माणसाची. प्रत्येकीसमोर अंदाजे आकडा लिहा. ढोबळ चालेल, पण आकडा हवा. सगळ्यात मोठी चूक ज्याने कमी होते ते उपकरण आधी मागा. आणि दुसऱ्या क्षेत्रातून उपकरण उचलत असाल, तर त्याचा इतिहास वाचा. ते कोणती चूक कमी करायला जन्माला आलं हे त्यात सापडतं. ती चूक तुमच्या कामात मोठी आहे का, हे तुम्हालाच तपासायचं आहे. मुलाखतीत 'हेच उपकरण का?' असं विचारलं, तर तो कागद समोर ठेवा.